मालवाहू मोटार आणि ऑक्टेन अंक

वसई स्थानकाच्या पूर्वेस मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागून असलेल्या वालीव, गोखिवरे, सातिवली या गावांच्या शिवारांत आज लहान कारखान्यांचे गाळे दाटीने उभे आहेत. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलेला हा प्रदेश २००९ मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत येतो. गाळ्यात तयार झालेला माल मोठ्या ट्रकात भरावा इतका नेहमीच नसतो. तो मुंबईस, भिवंडीस किंवा ठाण्यास पोचविण्याचे काम लहान मालवाहू गाडी करते. वालीव फाट्यावर या गाडीला ‘टेंपो’, ‘पिकअप’ आणि ‘छोटा हत्ती’ अशी तिन्ही नावे ऐकू येतात. गाडी पेट्रोलवर चालणारी असेल तर तिच्या मालकापुढे पंपावर रोज एक प्रश्न उभा राहतो: साधे पेट्रोल भरावे, की चार पैसे जास्त देऊन ‘भारी’ भरावे?

हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. परंतु त्याचे उत्तर ज्या आकड्यावर अवलंबून आहे त्या आकड्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या आकड्याभोवती जी नावे गुंफली गेली त्यांनी त्याचा अर्थ स्पष्ट करण्याऐवजी बहुतेक वेळा झाकूनच टाकला आहे. ज्याचा दिवसाचा नफा डिझेल-पेट्रोलच्या हिशेबातच ठरतो, अशा माणसाला ही गोष्ट महाग पडते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते व नंतर ठिणगीने पेटविले जाते. दाब जितका अधिक तितके त्याच इंधनातून अधिक काम मिळते, हे यंत्रशास्त्राचे साधे तत्त्व आहे. मूळ आकारमान किती पटींनी आकुंचित केले, या प्रमाणास संपीडन गुणोत्तर म्हणतात. तथापि दाब वाढला की उष्णता वाढते, आणि ठिणगीपासून निघालेली ज्योत पोचण्यापूर्वीच सिलिंडरच्या कोपऱ्यातले उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते. त्यातून जो खणखणीत ठोका उमटतो त्याला आपल्याकडील मिस्त्री ‘नॉकिंग’ म्हणतात. चढावर, भरलेल्या गाडीत, वरच्या गिअरमध्ये, उन्हाळ्याच्या दुपारी तो सर्वांत लवकर ऐकू येतो. तो सतत होत राहिला तर दट्ट्याचा माथा व सिलिंडरवरील पॅकिंग यांना इजा पोचते. इंधन हा ठोका किती दाबापर्यंत टाळू शकते याचे माप म्हणजे ऑक्टेन अंक. त्या इंधनात शक्ती किती आहे, याचे ते माप नव्हे. पुढील सर्व घोटाळ्याचे मूळ या एका भेदाच्या विस्मरणात आहे.

ठोक्याचा शोध अमेरिकेत एका आरोपातून सुरू झाला. चार्ल्स केटरिंग यांनी १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत विजेवर चालणारा स्टार्टर व बॅटरीवरची ठिणगीव्यवस्था आणली. इंजिने ठोकू लागली तेव्हा दोष या ठिणगीव्यवस्थेवर आला. तो खोटा ठरविण्यासाठी केटरिंग यांनी टॉमस मिजली या तरुण अभियंत्याला कामास लावले. मिजलींची पहिली कल्पना मोठी मजेशीर होती. बर्फातही लवकर फुलणाऱ्या एका रानवेलीची पाने तांबूस असतात. तेव्हा तांबडा रंग उष्णता अधिक शोषून घेत असावा, आणि इंधन तांबडे केले तर ते वेळेवर वाफेत रूपांतरित होऊन ठोका थांबेल, असा त्यांनी तर्क केला. हाताशी तांबडा रंग नव्हता म्हणून १९१६ मध्ये त्यांनी इंधनात आयोडीन टाकले, आणि ठोका खरोखरच थांबला. नंतर खरे तांबडे रंग टाकून पाहिले. त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही. उपपत्ती संपूर्ण चुकीची व प्रयोग यशस्वी, असे संशोधनाच्या इतिहासात पुष्कळदा घडते. परंतु त्याची इतकी स्वच्छ उदाहरणे थोडी. रंगाचा नव्हे तर रसायनाचा गुण असतो एवढे मात्र त्यातून सिद्ध झाले. त्यानंतर अनेक पदार्थ तपासून ९ डिसेंबर १९२१ रोजी मिजली व त्यांचे सहकारी टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगापाशी पोचले. अत्यल्प प्रमाणात घातले तरी ते ठोका थांबवीत असे.

फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायो राज्यातील डेटन शहरात हे इंधन प्रथम विकले गेले. त्याचे नाव होते ‘एथिल’. शब्दाच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. संयुगाच्या नावात दोन घटक आहेत: एथिल आणि लेड. व्यापाराने त्यांतला निरुपद्रवी घटक ठेवला आणि शिसे गाळले. शिसे विषारी आहे हे त्या काळी अज्ञात नव्हते. ते प्राचीन काळापासून ज्ञात होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील स्टँडर्ड ऑइलच्या शुद्धीकरणशाळेत हे संयुग तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट अवस्थेत मरण पावले. मे १९२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने परिषद बोलाविली, विक्री काही काळ थांबली, आणि पुढे पुन्हा सुरू झाली. मद्यार्क मिसळूनही ठोका थांबतो हे तेव्हाच्या संशोधकांना ठाऊक होते. परंतु शिसे थोडे लागे, स्वस्त पडे आणि त्यावर एकाधिकार मिळण्याजोगा होता. या निवडीची किंमत पुढील सत्तर वर्षे जगभरच्या शहरांतील मुलांच्या रक्ताने मोजली.

आता आकड्याकडे वळू. निरनिराळ्या इंधनांची तुलना करण्यास मोजपट्टी नव्हती. ती १९२६ च्या सुमारास एथिल कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांनी दिली. आयसो-ऑक्टेन हे द्रव ठोका फार उत्तम टाळते, म्हणून त्याला शंभर. नॉर्मल हेप्टेन लगेच ठोकते, म्हणून त्याला शून्य. या दोहोंचे ज्या प्रमाणातील मिश्रण दिलेल्या पेट्रोलाइतके ठोकेल, त्यातील आयसो-ऑक्टेनचा शेकडा म्हणजे त्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक. ९१ अंकाच्या पेट्रोलमध्ये शेकडा ९१ ऑक्टेन असते असा समज सर्रास आढळतो, तो चूक आहे. ते फक्त तितक्या मिश्रणासारखे वागते. शब्दांची व्युत्पत्ती पाहिली तर ‘ऑक्टेन’मधील ऑक्ट म्हणजे आपले अष्ट, आठ; आणि हेप्टेनमधील हेप्ट म्हणजे सप्त, सात. कर्बाच्या अणूंची ती संख्या आहे. सरळ साखळीच्या साध्या ऑक्टेनचा ऑक्टेन अंक मात्र शून्याच्याही खाली जातो! शंभराचा मान आहे तो फांद्या फुटलेल्या आयसो-ऑक्टेनला. तेव्हा नावातले ऑक्टेन आणि गुणातले ऑक्टेन यांची फारकत मोजपट्टीच्या जन्मापासूनच आहे.

पुढे संपीडन कमीजास्त करता येईल असे एका सिलिंडरचे प्रमाण-इंजिन तयार झाले. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर मोजलेला तो रिसर्च पद्धतीचा अंक आणि ९०० फेऱ्यांवर, अधिक तापलेल्या मिश्रणाने मोजलेला तो मोटर पद्धतीचा अंक. दुसरा नेहमी पहिल्याहून कमी येतो. भारतात व युरोपात पंपावर पहिला अंक सांगतात. अमेरिकेत दोहोंची सरासरी लिहितात. त्यामुळे अमेरिकेतील पिकअप ट्रकच्या पुस्तिकेत ८७ अंकाचे पेट्रोल वापरावे असे लिहिलेले असते, ते आपल्याकडील साध्या ९१ च्या जवळपासचेच होय. परदेशातील नातेवाइकाकडून ‘आमच्याकडे ८७ चालते’ असे ऐकून आपल्याकडील पेट्रोल फारच उंची आहे असे मानणारे, आणि तिकडील ९३ पाहून आपले हलके आहे असे मानणारे, दोघेही वेगवेगळ्या गजांनी मोजलेल्या कापडाची तुलना करीत असतात.

मुंबईच्या परिसरातील मालवाहू गाडीचा इतिहास या मोजपट्टीच्या खालच्या टोकाकडे सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलवर नियंत्रण आले. कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या मोटारी रस्त्यावर दिसू लागल्या. युद्धाबरोबर जीप आली. तिच्या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर साडेसहाच्या आसपास होते. सत्तरीच्या आतबाहेरचे पेट्रोल तिला पुरे. रणभूमीवर जे मिळेल ते इंधन पचविणे हाच तिचा गुण होता. १९४७ पासून महिंद्र कंपनीने विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जुळणी आरंभली. त्याच सुमारास वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून डॉज व फार्गो जातीचे ट्रक बाहेर पडू लागले. पुढे महिंद्रांनी एफसी-१५० हा खराखुरा पिकअप ट्रक काढला. या गाडीत चालक इंजिनाच्या वरच बसतो आणि मागे सलग हौदा मिळतो. अमेरिकेत १९५६ ते १९६५ या काळात बनलेल्या या गाडीचे उत्पादन तेथे थांबले आणि इथे साठोत्तर काळात चालू राहिले. तिचे चार सिलिंडरचे, सव्वादोन लिटरच्या आतले इंजिन ६.९ संपीडनाचे होते.

या आकड्याचा व्यावहारिक अर्थ असा की त्या गाडीला पेट्रोलची निवड करावीच लागत नसे. तुर्भ्याच्या किनाऱ्यावर १९५४ मध्ये स्टँडर्ड-व्हॅक्युमची व १९५५ मध्ये बर्मा-शेलची शुद्धीकरणशाळा सुरू झाली आणि मुंबईला पेट्रोल घरचे मिळू लागले. भारतीय मानकाने पुढे पेट्रोलच्या दोन प्रती मान्य केल्या: ८३ व ९३. देशातील बहुतेक सर्व गाड्या ८३ वर चालत. ९३ ची प्रत उंची परदेशी मोटारींची, म्हणजे श्रीमंतांची. ‘साधे’ आणि ‘भारी’ या शब्दांना जो सामाजिक वास आहे तो या काळातला. जीपवाल्याने ९३ भरले असते तरी त्याला कणभरही अधिक ओढ मिळाली नसती. कारण ज्या ठोक्यापासून ते पेट्रोल संरक्षण देत होते तो ठोका त्या इंजिनात होतच नव्हता. पण भारी पेट्रोल भरले म्हणजे गाडी पळते, ही समजूत मात्र तेव्हापासून टिकून राहिली.

‘टेंपो’ हा शब्दही याच काळाची देणगी. हँबुर्गजवळच्या हारबुर्ग येथील विडाल कंपनीच्या गाड्यांचे ते व्यापारी नाव. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेंपो कंपनीने त्या जर्मन कंपनीच्या सहकार्याने तीन चाकी हॅन्सीट गाडी भारतात आणली, आणि पाहता पाहता विशेषनामाचे सामान्यनाम झाले. आज दुसऱ्याच कंपनीच्या चार चाकी गाडीलाही मराठी माणूस बिनदिक्कत टेंपो म्हणतो. इंधनाच्या बाबतीत मराठीने हे यापूर्वीही केले होते. ‘रॉकेल’ हा ‘रॉक ऑइल’चा आणि ‘घासलेट’ हा ‘गॅसलाइट’चा अवतार मानला जातो, आणि खुद्द ‘पेट्रोल’ हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका व्यापारी पेढीने आपल्या मालाला दिलेले नाव होते. सरकारी कागदपत्रांत त्याला अद्याप ‘मोटर स्पिरिट’ म्हणतात. लोकांनी हे नाव कधी स्वीकारले नाही. ‘पिकअप’ने तर मराठीत दुहेरी संसार मांडला आहे. उघड्या हौद्याची गाडी ती पिकअप, आणि ‘गाडीला पिकअप नाही’ म्हणजे गाडी वेग घेत नाही. पिकअपला पिकअप नाही, हे वाक्य वालीवच्या मिस्त्रीला जराही विचित्र वाटत नाही. आणि त्यावर उपाय म्हणून भारी पेट्रोल सुचविले जाते, ते या दुसऱ्या अर्थाच्या ओढीने.

१९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोलचे भाव चढले आणि पेट्रोलवर चालणाऱ्या मालवाहू गाडीचे दिवस फिरले. महिंद्रांनी ट्रॅक्टरच्या कामातून हाती आलेले डिझेल इंजिन जीपमध्ये बसविले. नंतर प्यूजो जातीचे डिझेल आले. मालवाहतुकीत डिझेलची सद्दी सुरू झाली ती जवळजवळ चार दशके टिकली. डिझेलला ऑक्टेन अंक लागत नाही. त्याचा सीटेन अंक नेमका उलट्या गुणाचा, म्हणजे लवकर पेटण्याचा असतो. टेंपोचालकांची एक संबंध पिढी अशा रीतीने ऑक्टेनचा विचार न करता वाढली. त्याच अवधीत पेट्रोलमध्ये मात्र एकामागून एक फरक घडत होते.

त्यांपैकी सर्वांत मोठा फरक शिशाचा. १९९४ मध्ये मुंबईसह चार महानगरांत कमी शिशाचे पेट्रोल आले, १९९५ मध्ये उत्प्रेरक बसविलेल्या नव्या मोटारींसाठी बिनशिशाचे, आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले. शिसे गेल्यावर ऑक्टेन अंक राखण्याची जबाबदारी शुद्धीकरणाच्या सुधारलेल्या पद्धतींवर आली. अंक खाली न येता उलट वरच गेला. साध्या पेट्रोलचे प्रमाण ८३ वरून ८७, मग २००० मध्ये ८८ आणि पुढे ९१ झाले. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या मानकातही साध्या पेट्रोलला ९१ व प्रीमियमला ९५ हे अंक आहेत. म्हणजे आजचे ‘साधे’ हे साठ सालच्या ‘भारी’ला जवळपास भिडले आहे, केवळ विशेषणे जागच्या जागी राहिली.

विशेषणे खरे तर जागीही राहिली नाहीत. २००२ च्या सुमारास तेलकंपन्यांनी ‘स्पीड’, ‘पॉवर’, ‘एक्स्ट्राप्रीमियम’ या नावांची पेट्रोले बाजारात आणली. इंजिनातील काजळी धुणारी द्रव्ये त्यांत मिसळलेली होती. ही द्रव्ये उपयोगी असतात, याबद्दल वाद नाही. परंतु बराच काळ या नावांखाली मिळणाऱ्या पुष्कळशा पेट्रोलचा ऑक्टेन अंक साध्याइतकाच, ९१ च होता. ग्राहकाने नाव ऐकले, भाव अधिक पाहिला आणि अंक वरचा असणार असे गृहीत धरले. अंक खरोखर वरचा असलेली पेट्रोलेही पुढे आली: हिंदुस्तान पेट्रोलियमचे ९९ चे २०१७ मध्ये, इंडियन ऑइलचे १०० चे १ डिसेंबर २०२० रोजी. या शेवटच्याचा दिल्लीतील भाव आरंभी लिटरला सुमारे १६० रुपये, म्हणजे त्या दिवशीच्या साध्या पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट होता. ते उच्च संपीडनाच्या उंची मोटारींसाठी व मोटारसायकलींसाठी होते. ‘स्पीड’ आणि ‘पॉवर’ ही नामे मात्र दोन्ही प्रकारच्या मालाला सारख्याच सहजतेने चिकटली. ‘एथिल’ या नावाने जे दडविले ते विष होते. या नावांनी जे दडते ते एवढे घातक नाही. तरीही भाषेची युक्ती तीच आहे.

२०२० हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. भारत स्टेज सहाच्या कठोर नियमांत लहान डिझेल इंजिन बसविणे खर्चिक झाले. मारुती सुझुकीने सुपर कॅरी या लहान मालवाहू गाडीचे डिझेल रूप सोडून पेट्रोल व सीएनजीचा मार्ग धरला. टाटांच्या एस गाडीला ६९४ घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरी पेट्रोल इंजिन मिळाले. २००५ मध्ये डिझेलवर जन्मलेला ‘छोटा हत्ती’ असा पेट्रोलच्या पंपावर आला, आणि एफसी-१५० च्या काळात जो प्रश्न पडतच नव्हता, तो आता खरोखर पडू लागला. डिझेलच्या पिढीचे अनुभव आणि जीपच्या पिढीच्या समजुती एवढीच शिदोरी या नव्या मालकांजवळ होती.

त्याचे उत्तर यंत्राच्या दृष्टीने सरळ आहे. या गाड्यांची इंजिने साध्या ९१ साठीच आखलेली असतात आणि गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत तसे लिहिलेलेही असते. जिथे कंपनीने ९१ सांगितले आहे तिथे ९५ वा १०० भरण्याने ओढ वा सरासरी वाढण्याचे कारण नाही. जिथे ९५ सांगितले आहे तिथे ९१ भरणे हे मात्र नुकसानीचे. भरपूर माल लादून घाट चढताना ठोका ऐकू आला तर गिअर खाली आणावा हा जुना उपाय आजही बिनखर्चाचा आहे. सीएनजीचा ऑक्टेन अंक तर १२० च्याही वर जातो, म्हणून काही सीएनजीची गाडी पेट्रोलच्या गाडीहून जोरकस होत नाही. किंबहुना चालकांचा अनुभव उलटाच आहे.

शक्ती आणि ऑक्टेन या दोन भिन्न गोष्टी आहेत याचा सर्वांत ठसठशीत पुरावा मात्र सध्याच्या पेट्रोलनेच दिला आहे. मद्यार्क मिसळण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. म्हैसूर व संयुक्त प्रांतात ती महायुद्धापूर्वी व महायुद्धकाळी अमलात आली होती आणि १९४८ मध्ये केंद्रीय कायदाही झाला. तो कायदा २००० मध्ये रद्द झाला, आणि लवकरच इथेनॉल नव्या नावाने, नव्या धोरणातून परत आले. यात महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांचा वाटा मोठा आहे. २०२२ मध्ये मिश्रण शेकडा १० झाले, आणि २०२५ मध्ये शेकडा २० चे उद्दिष्ट गाठल्याचे सरकारने जाहीर केले. शुद्ध इथेनॉलचा ऑक्टेन अंक १०८ च्या आसपास. त्यामुळे शेकडा २० मिश्रणाच्या पेट्रोलचा अंक ९५ पर्यंत पोचतो. परंतु इथेनॉलच्या एका लिटरातील उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते. अर्थात अंक चढला आणि लिटरमागची ऊर्जा उतरली. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी आखलेल्या व शेकडा १० साठी जुळविलेल्या चारचाकीची सरासरी शेकडा ६ ते ७ घटेल, आणि शेकडा २० साठी जुळविलेल्या गाडीची शेकडा १ ते २ च घटेल, असा अंदाज दिला होता. आता साध्या पंपावरही ज्याला पूर्वीचे ‘भारी’ म्हणावे असा अंक मिळतो, आणि जुन्या गाडीचा मालक सरासरी घटल्याची तक्रार करतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. अधिक अंकाचा फायदा घेण्यासाठी इंजिनाचे संपीडनच वाढवावे लागते. ते पंपावर वाढत नाही. जुन्या गाडीच्या मालकाने विचारायचा प्रश्न अंकाचा नसून, आपल्या गाडीतील रबरी नळ्या व पॅकिंग या मिश्रणाला टिकतील का, हा आहे.

ऑक्टेन अंकाच्या मराठी इतिहासाला एक काळे पानही आहे. शिधापत्रिकेवरचे निळे रॉकेल आणि पेट्रोल यांच्या भावांत प्रचंड अंतर पडले, तेव्हा एकात दुसरे मिसळण्याचा धंदा फोफावला. रॉकेलचा ऑक्टेन अंक अतिशय खालचा. थोडे मिसळले तरी मिश्रणाचा अंक घसरतो. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनचोरी व भेसळीच्या अड्ड्याची पाहणी करण्यास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. पेट्रोलच्या प्रतीचा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही, हे महाराष्ट्राला त्या दिवशी कळले.

भेसळीचा आणि ठोक्याचा संबंध इतिहासाच्या दृष्टीने विलक्षण आहे. ६.९ संपीडनाची जीप भेसळीचे पेट्रोल बहुधा मुकाट्याने पचवीत असे. नंतरच्या, अधिक संपीडनाच्या पण कार्ब्युरेटर असलेल्या गाड्या भेसळ लगेच सांगत. चढावर ठोका येई आणि अनुभवी चालक पंप बदली. हा ठोका म्हणजे गाडीची बोली होती व ती ज्यांना कळे त्यांची फसवणूक कठीण असे. आजच्या इंजिनात ठोका टिपणारे यंत्र बसविलेले असते. ते ठिणगीची वेळ क्षणार्धात मागे नेते आणि आवाज उमटण्यापूर्वीच दाबून टाकते. इंजिन वाचते, हा लाभ मोठा आहे. परंतु हलके वा भेसळीचे इंधन आता ऐकू येत नाही. ते फक्त महिनाअखेरच्या हिशेबात, लिटरमागे कमी पडलेल्या किलोमीटरांच्या रूपाने दिसते, आणि तेव्हा दोष इंधनाचा, ओझ्याचा की महामार्गावरील कोंडीचा हे सांगणे दुष्कर होते.

जो पुरावा कानाला मिळत असे तो आता डोळ्याला मागून घ्यावा लागतो. पंपावर ग्राहकाने मागितल्यास गाळणकागदावर पेट्रोलचा थेंब टाकून दाखविणे आणि त्या दिवशीची घनता सांगणे विक्रेत्यास बंधनकारक आहे. थेंब उडून गेल्यावर कागदावर डाग राहिला तर शंकेस जागा आहे. वालीव फाट्यावरून पहाटे माल घेऊन निघणाऱ्या चालकास त्यासाठी दोन मिनिटे पुरतात, आणि भारी पेट्रोलच्या लिटरमागे जे अधिक पैसे तो देतो त्यांतला एकही त्यात खर्च होत नाही.